गाडी दुरुस्त झाली, मग दिवा का लागेना?

गाडी गॅरेजमध्ये दिली तेव्हा तक्रार एक होती. घरी आणली तेव्हा ती गेली, पण दुसरीच सुरू झाली. क्लच नीट झाला तर सेल्फ उचलेना. डेंटिंग-पेंटिंग झाले तर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणू लागला. नवा टेप बसवला तर चौथ्या दिवशी बॅटरी झोपली. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत, आणि त्यांच्यामधल्या लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर या गावांत गाडीवर पोट असलेल्या कोणालाही विचारा. हा अनुभव त्याला एकदा तरी आलेला असतो.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्यातली कितीतरी घरे आज काळी-पिवळी जीप, टेम्पो, नाही तर भाड्याच्या मोटारीवर चालतात. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते; फायनान्सचा हप्ता मात्र उभा राहत नाही. शिवाय पार्टवर पार्ट बदलण्याचा खर्च होतो, तो घरातल्या बाईच्या हिशेबातून निघतो. म्हणून हे चार शब्द गाडी चालवणाऱ्यासाठी आहेत, तसेच घर चालवणारीसाठी आणि हा धंदा शिकू पाहणाऱ्या होतकरू मुलामुलींसाठीही आहेत.

नांदेड-लातूर रस्त्यावर काळी-पिवळी चालवणाऱ्या एका बांधवाची हकिगत सांगतो. नावाची गरज नाही. त्यांनी जीपची क्लचप्लेट बदलून घेतली. काम चांगले झाले, गिअर लोण्यासारखा पडू लागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ कण्हू लागला. धक्का मारून गाडी निघाली. कोणी म्हणाले बॅटरी गेली. बॅटरी चार्ज केली, मग उधारीवर नवी घेतली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग दुसऱ्या गावी सेल्फ खोलला, कार्बन बदलले. तिसऱ्या ठिकाणी डायनामोवर बोट ठेवले गेले. शेवटी लातूरला एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिक मिस्त्रींकडे गाडी गेली. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट विचारली : हे सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुठे लागला होता? क्लचला, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी सेल्फ मारायला लावून अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलवर हात ठेवला. केबल गरम होत होती! चाचा खाली सरकले. गिअरबॉक्सपासून चॅसिसकडे जाणारी अर्थिंगची पट्टी एका टोकाला सुटी लोंबत होती. क्लच काढताना ती सोडलेली होती, परत आवळायची राहून गेली होती. दहा मिनिटांचे काम. तोवर तीन दिवसांच्या फेऱ्या आणि एका बॅटरीची उधारी अंगावर आली होती.

केबल का तापली, हे समजले की निम्मा विषय समजला. घरातल्या बल्बला दोन वायरी येतात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच वायर येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो, त्यालाच अर्थिंग म्हणतात. इंजिन मात्र रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाड पट्टी किंवा वायर दिलेली असते. ती सुटली की सेल्फचा करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो : अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, जे मिळेल ते. सेल्फ लहान मोटारीत शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेल जीपमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. बारीक केबलचा त्यापुढे काय टिकाव लागणार? अशा केबली लाल होऊन जळाल्याचीही उदाहरणे आहेत.

पट्टी पूर्ण सुटलेलीच असली पाहिजे असेही नाही. बोल्टखाली ग्रीस, गंज किंवा रंगाचा थर राहिला तरी पुरते. तिथे समजा ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला. पाच अँपिअरचा हेडलाइट लावला तर त्या जागी व्होल्टचा विसावा भाग खर्च होईल; दिवा झकास लागेल आणि सगळे म्हणतील की करंट बरोबर आहे. सेल्फने दीडशे अँपिअर मागितले की त्याच जागी दीड व्होल्ट खर्च झाले. बारा व्होल्टच्या संसारात दीड व्होल्टची गळती परवडत नाही. म्हणून गाडी बंद ठेवून मीटरने वायर तपासली की ती चांगली दिसते, आणि काम करायची वेळ आली की दगा देते.

याची परीक्षा सोपी आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खांबावर) आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरावे. दुसऱ्याने सेल्फ मारावा. मीटरने पाव व्होल्टच्या आत दाखवले तर अर्थिंग ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर बॅटरीला आणि सेल्फला हात लावण्याचे काही कारण नाही. पट्टी सोडा, घासा, आवळा. मीटर नसेल तर जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनच्या धातूला लावून सेल्फ मारून पाहावा. कण्हणारा सेल्फ एकदम उचलला की रोग सापडला.

डेंटिंग-पेंटिंगनंतरचे चमत्कार

गाडी रंगवून आली की मालक खूश असतो आणि दिवे नाराज. मागच्या दिव्यांचे अर्थिंग एका लहान स्क्रूने पत्र्याला धरलेले असते. रंगाचा मारा त्या जागेवरही होतो, आणि रंग करंट जाऊ देत नाही. मग त्या दिव्याचा करंट शेजारच्या दिव्याच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. इंडिकेटर द्यावा तर पार्किंगचा दिवा लुकलुकतो. ब्रेक दाबावा तर भलतेच काही मंद पेटते. असा एकाचा परिणाम दुसऱ्यावर दिसला की बल्ब बदलत बसू नये. स्क्रू काढावा, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकवावा, पुन्हा आवळून वरून थोडे ग्रीस लावावे म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही.

दुसरी गंमत बल्बाची. बऱ्याच गाड्यांत मागे दोन फिलामेंटचा बल्ब असतो : ब्रेकसाठी २१ वॅट, रात्रीच्या दिव्यासाठी ५ वॅट. त्याच्या बाजूच्या दोन टाचण्या मुद्दाम वरखाली दिलेल्या असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. घाईत तो ठोकून बसवला किंवा त्या जागी एका फिलामेंटचा बल्ब कोंबला, तर ब्रेक आणि रात्रीचा दिवा ही दोन सर्किटे एकमेकांत मिसळू शकतात. मग दिवसा ब्रेक दाबला की मीटरच्या तबकडीतला दिवा पेटतो, आणि लोक म्हणतात गाडीला काही तरी लागले. पुढे लिंबू-मिरची बांधली जाते. लिंबाच्या रसाने गंज निघतो हे खरे, पण त्यासाठी तो स्क्रूवर पिळावा लागतो.

काळी-पिवळीला वर कॅरिअर, मागे पायरी, पुढे जाड बंपर वेल्डिंग करून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीचे टर्मिनल काढलेच पाहिजे, निगेटिव्ह आधी. वेल्डिंग मशीनची अर्थ क्लिप जोडकामाच्या अगदी जवळ लावली पाहिजे. ती लांब कुठे तरी लावली तर वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून, वायरिंगमधून, नव्या गाडीत कॉम्प्युटरमधूनही फिरतो. पत्र्याच्या पलीकडून वायरीचा जुडगा जात असेल तर आच लागून आवरणे वितळतात आणि आतल्या वायरी एकमेकींना चिकटतात. त्याच दिवशी काही दिसत नाही. पंधरा दिवसांनी एखाद्या खड्ड्यात गाडी आदळते आणि फ्यूज उडतो.

फ्यूजला तार बांधू नका

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालणे, किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणे, किंवा सरळ तांब्याची तार बांधणे, हे प्रकार या रस्त्यावर आम्ही इतके पाहिले आहेत की त्याबद्दल सौम्य शब्दांत लिहिणे जमत नाही. फ्यूज हा आधी जळावा म्हणूनच असतो. तो जळला नाही तर वायर जळते, वायरीनंतर सीट, आणि सीटवर माणसे असतात. पात्याच्या फ्यूजला रंग दिलेले आहेत : लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. निळ्याच्या जागी निळाच बसला पाहिजे.

मग वारंवार उडणारा फ्यूज शोधायचा कसा? प्रत्येक वेळी नवा फ्यूज घालून बळी देण्यापेक्षा एक जुनी युक्ती आहे. फ्यूज काढावा आणि त्याच्या दोन पट्ट्यांना २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडावा. त्या सर्किटवरचे दिवे किंवा मोटर तेवढ्यापुरती काढून ठेवावी. वायर कुठे पत्र्याला लागली असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण बल्बमधून दोन अँपिअरच्या आतच करंट जात असल्याने काही जळणार नाही. आता बल्ब पेटता ठेवून वायरिंग हलवत जावे. सुरुवात दुरुस्ती झाली त्या जागेपासून. ज्या ठिकाणी वायर हलवताच बल्ब विझला, तिथेच ती चेपलेली किंवा खरचटलेली आहे. ब्रॅकेटखाली सापडलेली, सायलेन्सरच्या पाइपला टेकलेली, क्लिप न बसवल्याने पंख्याच्या पट्ट्यावर घासणारी, अशीच ती सहसा निघते.

या कामाला लागणारा टेस्ट लॅम्प घरी करता येतो : एक बल्ब, एक होल्डर, दोन वायरी, एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्याला टोकदार खिळा. मीटर असला तरी तो जवळ हवाच, कारण मीटर कधी कधी फसवतो. दहा तारांपैकी नऊ तुटून एकच शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवील. त्याला करंट लागतच नाही. बल्ब मात्र करंट मागतो, आणि ती एक तार तो पुरवू शकत नसेल तर मंद पेटून खरे सांगतो. एक इशारा : नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरच्या आणि सेन्सरच्या वायरींवर हा बल्ब कधीही लावू नये. तिथे मीटरच वापरावा, नाही तर दुरुस्तीनंतरच्या बिघाडात आपलीच भर पडेल.

टेप, जादा हॉर्न, फॉगलाइट, रंगीत पट्ट्या बसवल्यावर बॅटरी उतरू लागली तर गळती शोधावी. पाच वॅटचा एक दिवा डिकीत चुकून चालू राहिला तर तो अर्धा अँपिअरही ओढत नाही. पण चोवीस तासांत त्याचे दहा अँपिअर-तास होतात आणि ४५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी चौथ्या-पाचव्या दिवशी रिकामी होते. ज्यांची गाडी रोज धावते त्यांना हे कळतही नाही. लग्नाला गावी गेले, गाडी उभी राहिली, की कळते. तपासायचे असे : सर्व बंद करून निगेटिव्हची वायर काढावी आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून खांब आणि वायर यांच्यामध्ये जोडावा. अशा वेळी सेल्फ मारू नये, मीटर जळेल. नव्या गाडीतले कॉम्प्युटर झोपायला अर्धा तास तरी घेतात, तेवढे थांबावे. नंतर ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा कमी दिसले तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्याच्यापाशी आकडा पडला, गळती त्याच सर्किटात. बहुतेक वेळा चावीवरच्या सप्लायऐवजी सरळ बॅटरीवर घेतलेला जोड सापडतो. आणि तो जोड नुसत्या चिकटपट्टीचा असेल तर मराठवाड्याच्या मे महिन्यात बोनेटखाली ती पट्टी वितळून सुटलेली असते. जोड झाळून त्यावर आवरणनळी चढवावी किंवा नीट कपलर बसवावा.

जुन्या पिढीच्या एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. अल्टरनेटरला इकडे अजूनही डायनामोच म्हणतात, तेवढ्याने बिघडत नाही. पण इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल उपटायचे आणि इंजिन चालू राहिले तर डायनामो चांगला समजायचा, ही परीक्षा जुन्या फियाट-अ‍ॅम्बॅसॅडरच्या डायनामोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटर आल्यावर ती घातक ठरली. बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेजचा मोठा झटका येतो, त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतो. म्हणजे तपासणीनेच बिघाड केला. योग्य पद्धत अशी की मीटर बॅटरीवर लावावा. बंद गाडीची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते, इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसावे. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर हा आकडा गरजेप्रमाणे कमीजास्त करतो, हेही ध्यानात ठेवावे.

इंजिनचे काम होऊन आलेल्या नव्या गाडीत पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावतात. लावावा, चांगली वस्तू आहे. पण स्कॅनरने एखाद्या सेन्सरचे नाव सांगितले म्हणजे तो सेन्सर मेला असे नव्हे. त्या सर्किटात काही तरी गडबड आहे एवढेच तो सांगतो. काल इंजिन उतरवले असेल तर त्या सेन्सरचा कपलर 'टक्' आवाज होईपर्यंत बसला आहे का, आतली पिन मागे सरकली आहे का, शेजारच्या सारख्या दिसणाऱ्या कपलरशी अदलाबदल झाली आहे का, हे आधी पाहावे. सेन्सर महाग असतो आणि विकत घेतल्यावर दुकानदार परत घेत नाही.

इथे मिस्त्रीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दुरुस्तीनंतर बिघडले म्हणजे दुरुस्तीमुळेच बिघडले, असा निकाल घाईने देऊ नये. पंधरा-वीस उन्हाळे खाल्लेल्या वायरीचे आवरण कडक झालेले असते; ती नुसती बाजूला सारली तरी तडकते. आज ना उद्या ती तुटणारच होती. ऊस तोडणीच्या दिवसांत शेताजवळ उभ्या असलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरी कुरतडतात, त्यात गॅरेजचा काय दोष? क्लचच्या मिस्त्रीनेही लबाडी केली नव्हती. एक पट्टी विसरली होती, आणि पुढच्या तिघांनी त्याला काही विचारले नाही. आमच्या मते खरा दोष इथेच आहे. पहिल्या मिस्त्रीकडे परत जायला गिऱ्हाइकाला संकोच वाटतो, आणि दुसरा मिस्त्री पहिल्याचे काम ऐकून घेण्याऐवजी त्याला नावे ठेवून आपला पार्ट विकतो. परत जावे, भांडायला नव्हे. काय काय सोडले होते ते विचारायला. ते उत्तर कोणत्याही मीटरपेक्षा मोलाचे असते.

हा वाद मुळातच टाळता येतो. गाडी देण्याआधी दोन मिनिटे काढून सर्व दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ मिस्त्रीसमोर चालवून दाखवावे आणि काय चालते काय नाही ते कागदावर लिहावे. मोबाइल आता प्रत्येकाच्या खिशात आहे. बोनेट उघडून आतले चार फोटो काढावेत. एमएच २४ आणि एमएच २६ च्या कितीतरी गाड्यांचे भांडण अशा एका फोटोने मिटेल. बिल कच्चे का असेना, काय काढले आणि काय घातले ते त्यावर लिहून घ्यावे. जुना पार्ट मागून घ्यावा. गाडी परत घेताना तीच यादी पुन्हा चालवून पाहावी, आणि हे काम घरातल्या मुलीने केले तरी चालते. यादी वाचायला आणि दिवा पाहायला दाढी-मिशा लागत नाहीत.

हा धंदा शिकायचा तर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे पाने पुसणे हा पूर्वी एकच रस्ता होता, आणि उस्ताद नेमकी खोच सांगायच्या वेळी चेल्याला चहा आणायला पाठवायचा. लातूरचे ते चाचा मात्र प्रत्येक गाडी पोरांना खाली झोपवून दाखवतात. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहे. दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक ट्रेडमध्ये वायरिंग आणि सेन्सरही शिकवतात, आणि पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली एसटीच्या कार्यशाळेपासून कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत उमेदवारी करता येते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्या बीएस-६ आहेत आणि त्यांच्यात सेन्सरची संख्या वाढलेली आहे, तेव्हा वायरीची भाषा जाणणाऱ्या मिस्त्रीला काम कमी पडणार नाही. शिकणाऱ्यांनी दोन रंग मात्र पहिल्या दिवसापासून ओळखावेत. पिवळ्या आवरणाचा किंवा पिवळ्या कपलरचा जुडगा सहसा एअरबॅगचा असतो. त्यावर टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावला तर एअरबॅग तोंडावर फुटू शकते. आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीतली नारिंगी केबल शेकडो व्होल्टची असते. तिला त्या कामाचे वेगळे शिक्षण घेतल्याखेरीज कोणीही हात लावायचा नाही, मग अर्थिंग कितीही चांगले कळत असो.